ओसरीवरील सांबरशिंगे

जुन्या गोमंतकीय घरांत पाऊल टाकले की देवघर दिसण्यापूर्वीच पाहुण्याच्या दृष्टीस काही ठरावीक वस्तू पडतात. कोण्या पूर्वजाचे पिवळे पडलेले छायाचित्र, त्याच्या शेजारी रविवर्म्याच्या छापखान्यातील लक्ष्मी, एखादे लंबकाचे घड्याळ आणि दाराच्या माथ्यावर लाकडी ढालीवर बसविलेली शिंगांची जोडी. यांपैकी लक्ष्मीला हार मिळतो, पूर्वजाला पितृपक्षात गंध मिळते, घड्याळाला किल्ली मिळते. शिंगांना मात्र कोळिष्टकांखेरीज काही मिळत नाही. तरी ती असतात. कुणी विचारलेच तर घरचा माणूस अंमळ ताठ होऊन सांगतो, "आमच्या आजोबांनी मारलेला मेरू." सांबराला आमच्या कोंकणीत मेरू म्हणतात. काळोख्या पायवाटेवर पूर्ण वाढीचा नर सांबर अकस्मात समोर उभा ठाकलेला ज्याने पाहिला आहे, त्याला पर्वताचे हे नाव मुळीच अतिशयोक्त वाटणार नाही.

शिंग हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. गाईला शिंगे, गव्याला शिंगे, काळविटाला शिंगे आणि सांबरालाही शिंगेच. वस्तुतः या दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत. आम्ही शिकवितो मराठी आणि इतिहास. परंतु हा भेद वर्गात सांगण्याची संधी आम्ही कधी दवडीत नाही, कारण तो ऐकून मुले दर वेळी चकित होतात. गाय, म्हैस, गवा, बकरी, काळवीट, चौशिंगा यांच्या शिंगात आत हाडाचा गाभा असतो आणि त्यावर आपल्या नखांच्याच जातीच्या पदार्थाचे वेष्टन असते. ते शिंग जन्मभर सोबत करते, गळत नाही. सांबर, चितळ, भेकर, बारशिंगा यांची शिंगे म्हणजे मात्र निखळ हाड. ती केवळ नरास येतात (उत्तरेच्या हिमप्रदेशातील रेनडिअर तेवढा याला अपवाद, तेथे मादीही शिंगे मिरविते), त्यांना फांद्या फुटतात, आणि बहुधा दर वर्षी ती मुळापासून गळून पुन्हा नव्याने उगवतात. झाडाने पाने टाकावीत तसे हाड टाकून देणारा प्राणी! ज्याला हे प्रथमच कळते, तो काही वेळ तरी गप्प बसतो.

हे घडते कसे, ते पाहण्यासारखे आहे. नराच्या कवटीवर दोन आखूड खुंट असतात. त्यांवर प्रथम कोवळा फुगवटा येतो. त्यावर बारीक केसांची, रक्तवाहिन्यांनी भरलेली त्वचा असते. तिला मखमल म्हणतात आणि ते नाव योग्यच आहे. या अवस्थेत शिंग उष्ण असते, हुळहुळे असते. नर त्याला फांदीचा धक्कासुद्धा लागू देत नाही. वाढीचा वेग तर विलक्षण. हरणांच्या मोठ्या जातींत ऐन भरात हे हाड दिवसाला दोन सेंटिमीटरपर्यंत वाढते. एवढा चुना आणायचा कोठून? चाऱ्यातून मिळेल तेवढा मिळतो. उरलेला प्राणी स्वतःच्याच बरगड्यांतून उसना घेतो आणि पुढे सावकाश फेडतो. वाढ पुरी झाली की रक्ताचा पुरवठा थांबतो, मखमल वाळते, आणि नर ती झाडांच्या खोडांवर घासून काढतो. मग जे उरते ते झुंजीचे आयुध. माजाचा काळ सरला की अंगातील नरत्वाचा रस उतरतो, खुंट आणि शिंग यांच्यामधील हाडाचा थर झिजतो, आणि एके दिवशी ते वैभव कुठल्याशा ओहोळाच्या काठी पडून राहते. सांबराच्या बाबतीत हे बहुधा उन्हाळ्यात घडते. पावसाळ्यात त्याच्या माथ्यावर पुन्हा मखमल दिसू लागते.

पडलेले शिंग रानात वाया जात नाही. साळिंदर ते कुरतडते, उंदीर कुरतडतात, आणि कधी कधी हरणेही चघळतात. उसना घेतलेला चुना असा पुन्हा रानात खेळता राहतो.

गावोगावी शिंगांची टोके मोजून जनावराचे वय सांगणारे तज्ज्ञ असतात. त्यांच्या ज्ञानास धक्का लावणे आमच्या जिवावर येते. पण सांबराच्या पूर्ण वाढलेल्या शिंगाला सामान्यतः तीनच टोके असतात. एक कपाळाशी पुढे झुकलेले आणि दोन शेंड्याशी दुभागलेली. चितळाचेही तसेच. म्हणजे सहा टोकांचा सांबर सहा वर्षांचा, हा हिशोब दहा वर्षांच्या सांबरालाही सहाच वर्षांचा ठरवील.

एवढी डौलदार वस्तू आपल्या भिंतीवर असावी, असे माणसाला वाटले नसते तरच नवल. आयर्लंडमधील दलदलीत, फार पूर्वी नामशेष झालेल्या एका महाकाय हरणाची शिंगे सापडत आली आहेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेतीन मीटरपर्यंत त्यांचा पसारा! तेथील सरदारांनी ती आपल्या दिवाणखान्यांत लावली, आणि पाहुण्यांना वाटत राहिले असेल की यजमानाचे पूर्वज मोठेच शूर असले पाहिजेत. आपल्याकडे विसाव्या शतकात म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्याच्या कारखान्यातून वाघ-बिबट्यांची पेंढा भरल्यासारखी मुंडकी साऱ्या देशातील राजवाड्यांत गेली. आमच्या गोव्यातील सर्वांत जुनी हरणे मात्र भिंतीवर नाहीत, पायांखाली आहेत. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या कातळावर आदिमानवाने कोरलेली चित्रे १९९३ साली प्रकाशात आली. त्यांत बैल आहेत, हरणे आहेत, मोर आहे, वळत वळत आत जाणारा चक्रव्यूह आहे. सहलीला नेलेली मुले त्या शिंगांच्या रेषा हवेत बोटाने गिरवितात. त्या कोरणाऱ्याला शिकार साधली होती की साधावीशी वाटत होती, यावर आमच्या वर्गात एकदा तासभर वाद झाला आणि घंटा झाली म्हणूनच तो थांबला.

आता आमच्या घरच्या शिंगांकडे वळतो. १९६१ साली गोवा मुक्त झाला, त्याच्या काही वर्षे आधी आजोबांनी ती आणली. पुढे वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आला तेव्हा त्यांनी त्यांची नोंद करवून मालकीचा दाखला घेतला. तो दाखला आज काकांच्या पेटीत, जमिनीच्या कागदांबरोबर आहे. काकांचे वय ऐंशीच्या पुढे गेले आहे. ओसरीवर शिंगांच्या खालची खुर्ची त्यांची. शिंगाच्या उजव्या शेंड्यावर त्यांची छत्री आणि डाव्यावर टोपी, अशी वाटणी आम्हांस आठवते तेव्हापासून आहे. शोभेच्या वस्तूला इतके कामाला लावलेले इतर कोठे आम्ही पाहिले नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ओसरीची डागडुजी निघाली आणि शिंगे खाली उतरविली, तेव्हा मागची ढाल वाळवीने आतून पोखरलेली निघाली. वरचा रोगण तेवढा ढालीच्या आकाराचा उभा होता. लोखंडी खिळे गंजून हाडाला तांबूस डाग पडले होते. गावातील सुतारमेस्ताला बोलाविले. त्या चार दिवसांत आम्हांस या कामाची जी माहिती झाली, ती थोडीशी येथे देतो.

शिकारीच्या शिंगांची जोडी सुटी नसते. कवटीच्या माथ्याचा हाताएवढा तुकडा करवतीने कापून शिंगांसकट काढलेला असतो, आणि सारा भार त्यावर असतो. तो तुकडा ढालीवर सपाट बसला पाहिजे; नाहीतर शिंगे एका बाजूस कलतात आणि जनावर मेल्यानंतरही मान वाकडी करून पाहत असल्याचा भास होतो. मेस्ताने फणसाची जुनी, मुरलेली फळी निवडली. ढालीच्या मागच्या अंगाने पितळी स्क्रू घालून ते हाडात उतरविले. समोरून एकही दिसू दिला नाही. पितळी अशासाठी की आमच्या पावसाळ्यात लोखंड तीन वर्षे टिकत नाही. हाडावरचे डाग काढण्यासाठी कुणीतरी कपडे धुण्याचे ब्लीच सुचविले होते. ते हाडाला खाऊन भुगा करते. औषधाच्या दुकानातील हायड्रोजन पेरॉक्साइडचा सौम्य बोळा पुरतो, आणि तोही फक्त कवटीला, शिंगाला नव्हे. शिंगाचा तपकिरी रंग झाडांच्या सालींचा आणि मातीचा असतो; तो गेला की उरते ते खाटकाकडचे हाड. रोगणही लावू नये. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे, उन्हाची तिरीप आणि चुलीचा धूर यांपासून दूर ठेवावे, एवढी सेवा पुरे. ज्यांच्या घरी कातडीसकट भरलेले जुने मुंडके असेल, त्यांनी मात्र ते हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत. कातडी टिकविण्यासाठी पूर्वी सोमलाचा साबण चोळीत असत आणि सोमल हे विष आहे.

खरी अडचण भिंतीची. आमच्या भिंती चिऱ्याच्या. चिरा सच्छिद्र; त्यात ठोकलेला खिळा पहिल्या पावसात सैल होतो. जुने गवंडी म्हणूनच भिंत बांधतानाच लाकडी गट्टू चिऱ्यात बसवून ठेवीत आणि खुंटी त्यात मारीत. मेस्ताने जुना गट्टू शोधून काढला, त्यावर हातोडीने टकटक करून कान लावला आणि म्हणाला, "हा तुमच्या पणजोबांच्या वेळचा. मी नवा घातला तर याच्या निम्माही टिकायचा नाही." तो तसाच राहिला.

एका गोष्टीवरून मात्र थोडा तंटा झाला. आमच्या शिंगांपैकी डाव्याचे कपाळाकडील टोक अर्धे कापलेले आहे. ते आजीने कापविले होते. सांबरशिंग सहाणेवर उगाळून त्याचा कोमट लेप मुलांच्या छातीला लावण्याची रीत आमच्याकडे घरोघर होती. आयुर्वेदातही शृंगभस्म आहेच. लेपाने छाती कितपत मोकळी होत असे हे वैद्यांनी ठरवावे. आजीचा हात छातीवरून फिरत असे, हे मात्र खरे. मेस्त म्हणाला, "लाकडाचा शेंडा घडवून जोडतो, रंगवितो. कुणाला कळणार नाही." आमच्या धाकट्या बंधूंना ती कल्पना फार आवडली. काका खुर्चीतून म्हणाले, "आईने कापले आहे ते. राहू दे." विषय संपला.

या कामाची वार्ता गावात पसरली असावी. कारण शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी मधल्या सुट्टीत, आठवीतील एक मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभा राहिला. तो रानाच्या कडेच्या वाड्यावरून चालत येतो. हातात गोणपाटात गुंडाळलेली लांबट वस्तू होती. त्याने आमच्याच मेजावर ते गोणपाट सोडले. आत सांबराचे एक शिंग होते. डावे, पूर्ण वाढीचे. बुंध्याशी खडबडीत मण्यांची कड होती आणि तिच्या खाली गुळगुळीत, किंचित फुगीर हाड होते. म्हणजे ते आपोआप गळलेले होते. कवटीचा मागमूस नव्हता. शेंड्याजवळ साळिंदराच्या दातांच्या समांतर रेषा होत्या.

"सर, काल म्हैस शोधताना व्हाळाच्या काठी मिळालं. हे भिंतीवर कसं बसवायचं?"

याचे उत्तर आम्हांस ताजेच ठाऊक होते. गळलेल्या शिंगाला कवटी नसते म्हणून लाकडाचा ठोकळा कोरून घ्यावा लागतो, शिंगाच्या बुडाला भोक पाडून त्यात सळई बसवावी लागते, इत्यादी इत्यादी. जिभेवर आलेले ते उत्तर गिळून आम्ही त्याला विचारले, "हे आणखी कुणी पाहिले आहे काय?"

बाबांनी पाहिले होते. आणखी एकाने पाहिले होते. तो वाड्यावर अधूनमधून येतो, मध घेतो, कोकम घेतो. त्याने दोन हजार रुपये देऊ केले होते.

येथे कायद्याची गोष्ट सांगणे भाग आहे. आपल्याकडील १९२७ च्या वन कायद्यात रानातील लाकूड, मध, राळ यांच्याबरोबर प्राण्यांची शिंगे आणि हाडे यांचीही गणना वन-उत्पन्नात होते. १९७२ चा कायदा त्याहून कडक आहे. वन्य प्राण्याचे शिंग, नख, दात, पीस, यांतील कोणतीही जपून ठेवलेली वस्तू त्या कायद्याच्या कक्षेत येते. ती विकता येत नाही. आणि सरकारच्या मालकीची अशी वस्तू हाती आली तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याकडे कळवावे, असे कलम ३९ सांगते. शिक्षा वर्षांच्या मापाने मोजली जाते. १९९१ च्या दुरुस्तीनंतर तर हौसेच्या शिकारीची वाटच बंद झाली. हे सर्व आम्ही त्या मुलाला मधल्या सुट्टीच्या उरलेल्या सहा मिनिटांत सांगितले. त्याचा चेहरा उतरत गेला. मग त्याने विचारले:

"सर, पण तुमच्या ओसरीवर आहेत ती?"

त्यांची नोंद आहे, दाखला आहे, ती कायद्याच्या आधीची आहेत, असे आम्ही म्हणालो. त्याने थोडा विचार केला. हा मुलगा गणितात बरा आहे.

"म्हणजे मारून आणलेली भिंतीवर चालतात, आणि आपोआप गळलेलं चालत नाही?"

तेवढ्यात घंटा झाली. शिक्षकाच्या आयुष्यात घंटा अनेकदा धावून येते. त्या दिवशी मात्र तिचा आधार घेण्याची आम्हांस लाज वाटली. शाळा सुटल्यावर त्याला थांबवून आम्ही जमेल तसे उत्तर दिले. एके काळी गळलेल्या शिंगांचा व्यापार चालत असे. सुऱ्यांच्या मुठी होत, गुंड्या होत. परंतु शिंगाची कांडी कापून बाजारात आली की ती गळलेल्याची की मारलेल्याची, हे गिऱ्हाइकाला कोठून कळणार? गळलेल्यांच्या आडून मारलेलीही विकली जातात, म्हणून दार सरसकट बंद करावे लागले. त्याने मान डोलावली. ती पटल्याची होती की सरांचा मान राखण्याची होती, हे सांगता येत नाही. आम्ही त्याच्या जागी असतो तर ती दुसऱ्या प्रकारचीच असती.

संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. रविवारी दुपारी शिंग सापडले; मंगळवारी दुपारी ४८ तास भरणार. त्याचे वडील काजूच्या बागेत मजुरीस जातात. त्यांनी आम्हांस बसायला स्टूल दिले, स्वतः उभेच राहिले, आणि फार सरळपणे बोलले.

"सर, दोन हजार म्हणजे दोन्ही पोरांच्या वह्या आणि रेनकोट. ते राहू दे, पैसे नकोत. पण तिथं नेऊन दिलं आणि त्यांनी विचारलं, रानात काय करत होतास, तर? आमच्याकडच्या माणसाला खाकी दिसली की तो वाट बदलतो. पुन्हा व्हाळात टाकून येतो, म्हणजे झालं."

व्हाळात टाकणे हा मार्ग आम्हांसही क्षणभर सोपा वाटला. साळिंदराला ते परत मिळाले असते आणि कुणाचेच बिघडले नसते. पण तो दोन हजारवाला पाहून गेला होता. त्याने उद्या ते दुसऱ्याकडून उचलून नेले, कुठे पकडला गेला, तर पहिले नाव याच घराचे निघणार. हे आम्ही बोलून दाखविले. "आम्ही बरोबर येतो. जे विचारतील ते आमच्यासमोर विचारतील," असे सांगितले. शब्द देणे सोपे असते. कचेरीत कोण भेटेल, कोणत्या मनःस्थितीत भेटेल, यावर आमचा अधिकार काय होता? ते बराच वेळ शिंगाकडे पाहत राहिले. मग आतून त्यांची पत्नी म्हणाली, "सर येतात म्हणतात तर जा." ते गेले.

मंगळवारी सकाळी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आम्ही तिघे वनखात्याच्या कचेरीत पोचलो. बाकावर दीड तास बसावे लागले. तो दीड तास त्या गृहस्थांना दीड दिवसासारखा गेला असावा. त्यांनी पायांतील चपला काढून बाकाखाली ठेवल्या होत्या आणि कुणी पाहिले की पुन्हा घालीत होते. शेवटी वनपाल आले. तरुण होते. त्यांनी शिंग हातात घेतले, बुडाची कड पाहिली, दातांच्या रेषांवरून अंगठा फिरविला, आणि पहिला प्रश्न वडिलांना न विचारता मुलाला विचारला: "पडलं होतं तेव्हा कोणती बाजू वर होती?"

मुलाने सांगितले. कोणत्या झाडाखाली, पाणी किती दूर, जवळ पावलांचे ठसे होते का, तेही सांगितले. वनपालांनी ते सर्व लिहून घेतले. लांबी वळणावरून मापली: ६४ सेंटिमीटर. वजन केले: एक किलो चारशे ग्रॅम. वडिलांची सही घेतली, आमची साक्षीदार म्हणून घेतली, आणि पोचपावती वडिलांच्या हातात दिली. "रानात म्हैस शोधायला गेला होता" हे वाक्य त्यांनी जसेच्या तसे कागदावर लिहिले आणि त्यावर काही विचारले नाही. निघताना मुलाला म्हणाले, "पुन्हा दिसलं तर उचलू नकोस, मला येऊन जागा सांग. उचललं की आम्हांला ते नुसतं शिंग असतं. जागेवर असलं की सांबर कुठे फिरतो ते कळतं."

बाहेर आल्यावर वडिलांनी ती पावती तीन वेळा वाचली आणि घडी करून टोपीच्या आत ठेवली. मुलाने एकच मागणी केली होती, ती म्हणजे शिंगाचे चित्र काढू द्यावे. त्यासाठी वनपालांनी त्याला अर्धा तास मेज दिले होते. ते चित्र सध्या आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या फळ्यावर आहे. साळिंदराचे दात त्यात फारच चांगले उतरले आहेत.

त्या रात्री जेवणानंतर आम्ही ही सर्व हकीकत ओसरीवर सांगितली. मुलाचा प्रश्नही सांगितला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वाड्याचे नाव विचारले आणि म्हणाले, "हाकेला त्याच वाड्यावरचे गेले होते."

आजोबांच्या शिकारीची कथा आम्ही शंभर वेळा ऐकली असेल. पहाटेचा गारवा, ओढ्यापलीकडची हालचाल, एकच बार. हाकेची गोष्ट त्यात कधी नव्हती. काका तेव्हा दहा वर्षांचे होते. रान उठविण्यास वाड्यावरची वीस-बावीस माणसे डबे बडवीत, काट्यांतून, अनवाणी गेली होती; बंदूक घेऊन आजोबा माचाणावर बसले होते. आठ-दहा माणसांनी काठीला बांधून तो प्राणी आणला. मांस साऱ्या वाड्याला वाटले. हाकेकऱ्याचा वाटा ठरलेला असे. "आणि शिंगे?" आम्ही विचारले. काका म्हणाले, "शिंगे बंदुकीची. तशीच रीत होती." थोड्या वेळाने त्यांनी पुस्ती जोडली, "मेरू ओरडला होता. वडिलांनी सांगताना ते नेहमी गाळले."

मग काकांनी पेटीतून दाखला काढविला. २०२२ च्या दुरुस्तीने अशा दाखलेवाल्याला आपली वस्तू स्वखुशीने सरकारजमा करण्याची सोय केली आहे. सात कामकाजाच्या दिवसांची सूचना द्यावी लागते, मोबदला मिळत नाही. हे आम्ही सांगितले, सुचविले नाही. धाकटे बंधू म्हणाले, नुकतीच एवढा खर्च करून नवी ढाल केली आहे. काकी म्हणाल्या, मग छत्री कुठे अडकवायची? काका म्हणाले, "मी आहे तोवर असू देत. माझ्यामागे कुणी आपल्या नावावर करून घेऊ नका. देऊन टाका." आणि हे तोंडी राहू नये म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी ते कागदावर लिहून, सही करून, दाखल्याला टाचणीने जोडले.

"त्या मुलाला एकदा आण," असेही ते म्हणाले होते. श्रावणातल्या एका रविवारी तो आला. येताना घरची काकडी घेऊन आला. काकांनी त्याला खुर्चीवर चढायला लावले, छत्री आणि टोपी काढून घेतली, आणि मापण्याची दोरी त्याच्या हाती दिली. तो मोठ्याने आकडे सांगत गेला आणि काकांनी ते वहीत लिहिले: उजवे ८१ सेंटिमीटर, डावे ७९, दोहोंच्या शेंड्यांमधील अंतर ६८. हाकेची गोष्ट काकांनी त्याला सांगितली, बंदुकीची सांगितली नाही. त्याचे पणजोबा त्या हाकेत होते की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. घरी विचारून सांगतो म्हणाला. मग कापलेल्या टोकाशी येऊन तो थबकला.

"हे किती लिहायचं? आहे तेवढं, की होतं तेवढं?"

काकी आत गेल्या आणि आजीच्या बटव्यातील उरलेला तुकडा घेऊन आल्या. सहाणेवर झिजून झिजून त्याची एक बाजू नाण्यासारखी गुळगुळीत झाली होती. त्याने तोही मापला. अडीच सेंटिमीटर.